कॅन्सरचा पेशंट घरी आणल्यावर

"आता घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा." हॉस्पिटलातून सोडताना बहुतेक घरांना एवढं एकच वाक्य ऐकायला मिळतं. हातात जाडजूड फाईल, औषधांची पिशवी आणि पोटात गोळा. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी हाताला धरून दाखवत नाही.

मी कराड-पाटण भागात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेची, नर्स म्हणून घरोघरी जाते. आजार पुढच्या टप्प्यात गेलेला, ऑपरेशन-केमो संपलेली किंवा झेपत नाही म्हणून थांबवलेली, अशा पेशंटच्या घरी. जे तिथे दहा वेळा सांगावं लागतं तेच इथे लिहिते आहे. डॉक्टरांचा डोस बदलायला मी सांगत नाही. पण घरच्या माणसाला शिकता येईल आणि पेशंटला खरोखर आराम पडेल, असं खूप काही आहे. कॅन्सर बरा होणार नसला तरी दुखणं थांबवता येतं, घाण वास घालवता येतो, झोप लावता येते. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य मी माझ्यासमोर कुणाला बोलू देत नाही.

पहिल्या दिवशी दोन कामं करा. एक वही घाला. कुठलं औषध किती वाजता दिलं, शौचाला कधी झालं, लघवी किती झाली, रात्री झोप लागली का, दुखलं तर कधी आणि किती, एवढंच लिहायचं. वहीमुळे रात्रपाळीच्या मुलाला कळतं की बायकोनं आठचं औषध दिलंय, आणि डॉक्टरांना फोनवर सांगायला काहीतरी हातात राहतं. दुसरं काम म्हणजे खाट कुठे ठेवायची ते ठरवणं. शक्य असेल तर घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, जिथून माणसांची ये-जा दिसते आणि बोलणं कानावर पडतं. तीन बाजूंनी जायला जागा हवी आणि उंची अशी हवी की करणाऱ्याची कंबर वाकणार नाही. डोक्याकडची बाजू उचलता येणारी फाउलर कॉट भाड्यानं मिळते. नाही मिळाली तर साध्या खाटेच्या पायाखाली विटा लावूनही भागतं, फक्त खाट हलत नाही ना ते आधी बघा.

आणि ताट-वाटी वेगळी करू नका. कॅन्सर संसर्गानं पसरत नाही. नातवंडांना जवळ बसू द्या. केमो सुरू असेल तर शेवटच्या डोसनंतर दोन दिवस लघवी, उलटी, शौच साफ करताना हातमोजे घाला, एवढीच काळजी.

दुखणं आधी

बाकी सगळं नंतर. दुखत असलेला माणूस खात नाही, झोपत नाही, बोलत नाही, चिडतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. दुखणं आटोक्यात आलं की निम्मा स्वभाव परत येतो.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे, बायकांमध्ये तर फारच. "बरंय, थोडं दुखतंय" म्हणतील आणि उशीचं टोक मुठीत आवळून पडतील. म्हणून विचारायचं कसं ते शिका. एक ते दहा आकडे म्हाताऱ्यांना जमत नाहीत. मी विचारते, "आजी, रुपयातलं किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं, "बारा आणे." औषधानंतर तासाभरानं परत विचारा. चार आण्यांवर आलं तर औषध लागू पडतंय. कसं दुखतंय तेही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ठणकतंय, कळा येतात, जळजळतंय, करंट मारल्यासारखं होतंय, मुंग्या येतात. जळजळ, करंट आणि मुंग्या म्हणजे बहुतेक वेळा नस दाबली गेलेली असते आणि त्याला वेगळ्या गोळ्या लागतात. डॉक्टरांना "दुखतंय" एवढंच सांगितलंत तर त्यांना ते कळणार नाही.

आता मॉर्फिन. या एका गोळीच्या भीतीनं जेवढे हाल होतात तेवढे मी दुसऱ्या कशानंही झालेले पाहिले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या. साध्या गोळ्या, त्यांनी भागलं नाही तर त्यावरच्या, आणि तीव्र वेदनेला तोंडानं घ्यायचं मॉर्फिन. त्याबरोबर एक नियमही दिला: औषध घड्याळ बघून द्यायचं, माणूस कळवळला की मग द्यायचं असं नाही.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून डॉक्टर सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशी वेळ लिहून देतात. रात्री दहाला बहुधा दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही. दुपारी दोनला पेशंट शांत झोपलाय म्हणून "कशाला उठवायचं, दुखत नाहीये ना" असं करू नका. तो शांत आहे तो दहाच्या गोळीमुळे. दोनची चुकली की चारला कळा सुरू होतील आणि मग त्या आटोक्यात आणायला रात्र जाईल. मधल्या वेळात अचानक दुखलं तर जास्तीची गोळी कधी आणि किती द्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ड्रेसिंग किंवा अंघोळ दुखरी असेल तर त्याआधी अर्धा-पाऊण तास अशी गोळी देता येते का, तेही विचारून ठेवा.

एका गावात जबड्याचा कॅन्सर मानेत उतरलेल्या काकांच्या घरी गेले तेव्हा गोळ्यांचं पाकीट जवळपास भरलेलं होतं. "सवय लागेल" असं कुणीतरी मुलाच्या मनात भरवलं होतं, म्हणून तो वडील रडायला लागले की एक गोळी द्यायचा. मी वहीत वेळा आखून दिल्या, मोबाईलवर गजर लावून दिला. पहिले दोन दिवस काका बरेचसे झोपून होते आणि मुलगी घाबरून फोन करत होती. हे आधीच माहीत असू द्या: सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी येते, थोडी मळमळ होते, मग ती ओसरते. कितीतरी रात्रींची झोपही अंगात साठलेली असते. तिसऱ्या दिवशी काकांनी दाढी करायला न्हाव्याला बोलवायला सांगितलं.

दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या हिशेबानं दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही, आणि त्यानं माणूस लवकर जातही नाही. हळूहळू डोस वाढवावा लागला तर त्याचा अर्थ आजार वाढलाय, औषध "फुकट गेलं" असा नाही. लक्ष कशावर ठेवायचं? हाका मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास फारच मंद, मिनिटाला आठ किंवा त्याहून कमी झाला असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. हातपाय सारखे झटके मारू लागले किंवा लघवी एकदम कमी झाली तरी कळवा. किडनी मंदावली की मॉर्फिन अंगात साठतं आणि डोस कमी करावा लागतो. शेवटच्या दिवसांत श्वास आपोआप बदलतो, ते वेगळं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मॉर्फिनची बारा तास हळूहळू काम करणारी गोळी मिळाली असेल तर ती कधीही कुटायची नाही, नळीतून तर नाहीच. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची दुखण्याच्या औषधाची पट्टी, असेल तर साधारण तीन दिवसांनी बदलतात. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, तो कापायचा नाही, आणि काढलेला पॅच घडी घालून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. आणखी एक, दुकानातून स्वतःच्या मनानं डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून वर देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, किडनीवर ताण येतो.

मॉर्फिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा कडक होता. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, तरी तालुक्याच्या गावात अजून शोधावं लागतं. ज्या हॉस्पिटलात उपचार झाले तिथे पॅलिएटिव्ह विभाग आहे का ते विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा. आपल्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा, संपल्यावर नाही. घरात त्या कुलपात ठेवा.

पोट साफ होणं

मॉर्फिन सुरू झालं की बद्धकोष्ठता होणारच, आणि गुंगीसारखी ती आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक सोबत चालू हवं. चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या. इथे घरोघरी इसबगोल दिलं जातं. ते यात देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या, झोपून असलेल्या माणसाच्या पोटात ते फुगून बसतं आणि त्रास वाढतो. बिसाकोडिल, सेना (सोनामुखी) किंवा लॅक्टुलोज यांपैकी डॉक्टर लिहून देतील ते रोज द्यायचं. तीन दिवस झाले नाही तर फोन करा. आणि एक फसवी गोष्ट: बरेच दिवस शौच नाही, मग अचानक पातळ पाण्यासारखं थोडंथोडं होऊ लागलं, तर जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. आत कडक खडा अडकून त्याच्या कडेनं पाणी येत असतं. नर्सला तपासू द्या.

तोंड आणि जखम

आमच्या भागात तोंडाचे कॅन्सर फार. पुरुषांमध्ये तंबाखू-चुना, बायकांमध्ये मिश्री. गालाला छिद्र पडतं, मानेची गाठ फुटते, स्तनाच्या कॅन्सरमध्येही जखम उघडी पडते. सगळ्यात आधी घर हादरतं ते वासानं. माणसं नाकाला पदर लावतात आणि पेशंटला ते दिसतं. एका मावशींची खाट मागच्या पडवीत नेऊन ठेवली होती. "मलाच नको वाटतं पुढं बसायला," त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेला मी जे शिकवलं ते असं.

अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक सपाट चमचा मीठ घालायचं आणि कोमट होऊ द्यायचं. हात साबणानं धुवायचे, हातमोजे घालायचे. जुनी पट्टी कधी ओढायची नाही. मिठाच्या पाण्यानं ती चिंब भिजवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग ती आपणहून सुटते. ओढलीत तर दुखतं आणि रक्त येतं. मग तेच पाणी धार धरून जखमेवर सोडायचं, चोळायचं नाही. सुटं झालेलं तेवढं निघून जातं, घट्ट चिकटलेलं तसंच राहू द्यायचं. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळीची अगदी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरायची. किती गोळ्या, दिवसातून किती वेळा, ते नर्सकडून ठरवून घ्या. वास करणारे जंतू याच औषधानं मरतात. वरून स्वच्छ गॉज, त्यावर पाणी शोषणारा थर. भरपूर पाणी येत असेल तर सॅनिटरी पॅड या कामाला उत्तम. रोजच्या गॉजचा खर्च परवडत नसेल तर जुन्या मऊ सुती लुगड्याच्या पट्ट्या करून, धुऊन, कुकरमध्ये डब्यात घालून वाफवून घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, स्पिरिट, हळद, राख यातलं काही जखमेवर घालू नका.

सून पहिल्या दिवशी पट्टी भिजवतानाच बाहेर जाऊन ओकली. मी काही बोलले नाही, तिला पाणी दिलं, आणि ती परत आली. पुढच्या खेपेला मी गेले तर खाट सोप्यात टीव्हीसमोर होती आणि मावशी शेजारणीला मालिकेतलं भांडण समजावून सांगत होत्या.

माश्यांपासून जपा. दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा, ड्रेसिंग सगळ्या बाजूंनी बंद असू द्या. कधी अळ्या दिसल्याच तर तो तुमच्या सेवेवरचा ठपका नाही, उघड्या जखमेत एक माशी पुरते. नर्सला बोलवा, आम्ही टर्पेंटाइन वापरून चिमट्यानं काढतो. रंगाच्या दुकानातलं आणून स्वतः ओतू नका. खोलीत उग्र उदबत्त्या लावू नका, त्यानं दम लागतो. खिडकी उघडी ठेवा, खाटेखाली घमेल्यात लोणारी कोळसा ठेवा, तो वास ओढून घेतो.

जखमेतून रक्त येऊ शकतं. खाटेजवळ मरून किंवा काळपट रंगाचे दोन टॉवेल कायम ठेवा, कारण पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही पेशंटला घाबरवतं. टॉवेल घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटं धरा, सारखं उचलून बघू नका. रक्त थांबवणारी ट्रॅनेक्सॅमिक आम्लाची गोळी द्यायची किंवा पूड गॉजवर लावायची का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा. मानेतल्या मोठ्या नसेजवळ जखम असेल तर एकदम मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता असते. डॉक्टरांनी तसं बजावलं असेल तर त्या वेळी कुठलं झोपेचं औषध द्यायचं ते घरात तयार असू द्या. आणि त्या क्षणी गाडी शोधायला धावण्यापेक्षा हात धरून जवळ थांबा.

तोंडाची निगा म्हणजे मऊ ब्रश आणि दिवसातून चार-पाच वेळा चुळा. ग्लासभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि पाव चमचा मीठ पुरे. जिभेवर पांढरे दह्यासारखे डाग आणि जळजळ दिसली तर ती बुरशी, त्यावर औषध आहे. ओठांना तूप किंवा खोबरेल लावा.

खाणं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. बायको ताट घेऊन बसते, "दोन घास तरी खा, नाहीतर ताकद कशी येणार?" तो तोंड फिरवतो, ती रडते. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शरीर अन्नाचा नीट वापरच करू शकत नाही. भूक आजारानंच मेलेली असते. कोंबलेलं अन्न उलटतं किंवा श्वासनलिकेत जातं. तो खात नाही म्हणून आजार वाढत नाही, आजार वाढलाय म्हणून तो खात नाही. हे मी बायकोला ताट बाजूला ठेवायला लावून सांगते.

मोठं ताट वाढू नका, वाटीत दोन-तीन चमचे ठेवा. मागतील तेव्हा द्या, मग रात्री अकराला भजी मागितलं तरी द्या. गरम अन्नाच्या वासानं मळमळत असेल तर गार द्या: ताक, आंबील, दहीभात, सोलकढी. पथ्य आता कशाचं? डायबेटिस असेल तर डॉक्टरांशी बोला, तेसुद्धा बहुतेक वेळा सैल सोडतात. नातेवाईक भस्म, काढे, कुठल्या तरी वैदूची पुडी घेऊन येतील. काही भस्मांमध्ये जड धातू असतात आणि आधीच थकलेल्या किडनीला ते झेपत नाहीत. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, एवढंच सांगा आणि त्यासाठी भांडू नका.

नाकातून पोटात अन्न घालायची नळी (राइल्स ट्यूब) असेल तर देताना आणि नंतर तासभर पाठ उंच असू द्या. नळीवरची खूण जागेवर आहे ना ते दर वेळी पहा, सरकली असेल तर काही घालू नका. आधी पाण्यानं नळी धुवा, मग गाळून पातळ केलेलं नाचणीचं सत्त्व, डाळीचं पाणी, दूध, जे ठरवून दिलंय ते एका वेळी साधारण वाटीभर, सावकाश आपल्या भारानं उतरू द्या, पिचकारी दाबू नका. शेवटी परत पाणी. देताना खोकला आला किंवा श्वास लागला तर लगेच थांबा.

कूस, उचलणं, श्वास

झोपून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून तिरकं ठेवा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी द्या. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, आतली कातडी अजून फाटते. मधे भोक असलेली रिंगची उशीही नको. हवेची गादी आणली तरी कूस बदलायचीच, आणि लाईट गेली की ती बसते हे लक्षात ठेवा. सरकवायला काखेत हात घालून ओढू नका. जुनं धोतर किंवा चादर चौघडी करून कमरेखाली कायम अंथरून ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून एकदम उचललं की माणूस अलगद वर सरकतो आणि तुमचीही कंबर वाचते. लघवीची पिशवी कायम खाटेपेक्षा खाली.

दम लागत असेल तर बसतं करा, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकू द्या. छोटा पंखा चेहऱ्यावर येईल असा लावा, त्यानं खरंच बरं वाटतं. ऑक्सिजन मशीन भाड्यानं आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर त्याचा फारसा उपयोग नसतो, मॉर्फिनचा लहान डोस जास्त काम करतो.

काही गोष्टी मात्र घरी थांबवून ठेवायच्या नाहीत. पाठीत नवीन जोराची कळ आणि पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं: त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण मणक्यातली नस दाबली जात असेल तर वेळेत उपचार झाले तरच पाय वाचतात. केमो सुरू असताना १००.४ किंवा जास्त ताप, पहिल्यांदाच आलेली फिट, घशातून घर्र आवाज येऊन श्वास अडकणं, एकाएकी भ्रम होणं, यांतही लगेच फोन. भ्रम कधीकधी फक्त लघवी तुंबल्यानं किंवा पोट घट्ट झाल्यानंही होतो, तेवढं आधी पाहा.

सांगायचं की नाही

दारातच मला थांबवून मुलगा कुजबुजतो, "सिस्टर, आईला कॅन्सर माहीत नाही हां. खचेल ती." आत गेल्यावर आई मला जवळ ओढून विचारते, "मुलांना सांगू नका, पण माझं आता किती राहिलंय?" हे इतक्या घरांत होतं की मला त्याचं नवल राहिलेलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि सगळे एकटे असतात.

बातमी अंगावर फेकू नका, पण खोटंही बोलू नका. आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतंय, कसं चाललंय?" ते जेवढं विचारतील तेवढ्याचं उत्तर द्या. "मी बरी होईन का?" याला "हो, दिवाळीपर्यंत उठशील" म्हणू नका. "आजार जुना झालाय, पण तुला दुखू देणार नाही आणि एकटीला सोडणार नाही" हे खरं आहे आणि ते पाळता येतं. नको असेल तर विषय त्याच बदलतील, तेव्हा तुम्हीही थांबा. ज्यांना माहीत असतं ते आपली कामं उरकतात: सात-बाराचं, पोस्टातल्या खात्याचं वारस नाव, पोत कुठल्या नातीला द्यायची, तुटलेल्या भावाला एकदा बोलावून घेणं. ही संधी त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका.

करणारं माणूस

बहुतेक घरांत हे एकच माणूस असतं, आणि बहुतेक वेळा ती सून, बायको किंवा लग्न न झालेली मुलगी असते. बाकीचे रविवारी येऊन फळं ठेवतात आणि सल्ला देतात. भाऊ, दीर, जावई कुणीही असो, त्यांना मोघम "मदत करा" सांगू नका, नेमकं काम द्या. शनिवारची रात्र तुमची. मॉर्फिन आणायला जायचं काम तुमचं. फोनवर सगळ्या पाहुण्यांना तब्येत सांगायचं काम एकाच माणसाचं, म्हणजे करणारीला दिवसातून वीस वेळा तेच बोलावं लागणार नाही. शेजारच्या काकूंना दुपारी दोन तास बसायला सांगा आणि त्या वेळात झोपा, कपडे धुऊ नका. बीपी-शुगरच्या स्वतःच्या गोळ्या चुकवू नका. चिडचिड होते, "सुटले असते तर बरं" असं मनात येतं. हे थकव्यातून येतं, प्रेम कमी झाल्यानं नाही. झोप उडाली, सारखं रडू येतंय, जीव नको वाटतोय असं झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, फोन फुकट आहे.

शेवटचे दिवस

दिवसातला बहुतेक वेळ झोप, घोटभर पाणीही नको, लघवी अगदी कमी आणि गडद, हातपाय गार आणि जांभळट, श्वास भरभर मग मधेच थांबणं. ही लक्षणं दिसली की वेळ जवळ आली असं समजा आणि नर्सला कळवा. गोळ्या गिळता येत नसतील तर त्याच औषधांची कातडीखालची इंजेक्शनं देता येतात, म्हणून दुखण्याचं औषध बंद करू नका. सलाईन लावायचा आग्रह नको. या टप्प्यावर शरीर ते पाणी बाहेर टाकू शकत नाही, मग छातीत घरघर वाढते, सूज येते. तोंड ओल्या कापसानं ओलं ठेवलं की तहानेचा त्रास होत नाही. घशात घरघर होत असेल तर कुशीवर वळवा. ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा त्यांना होत नसतो, आणि ती कमी करायचं इंजेक्शनही मिळतं. बोला त्यांच्याशी, नाव घेऊन बोला.

ऐनवेळी कुणीतरी घाबरून १०८ बोलावतं आणि माणूस आयसीयूत नळ्यांमध्ये जातो. तसं हवंय की नको, हे आधीच पेशंटला विचारून घरात ठरवा. कागदावर करायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून गावातल्या एका डॉक्टरांना आधीच फाईल दाखवून ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर दाखला द्यायला तयार होत नाहीत. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करा, उशीर झाला तर हेलपाटे पडतात. बँक, विमा, वारसनोंद सगळीकडे मृत्यूचा दाखला मागतात, तेव्हा चार-पाच प्रती एकदमच काढा. उरलेलं मॉर्फिन शेजारच्या पेशंटला देऊ नका, जिथून आणलं तिथे परत करून वहीवर सही घ्या. हवेची गादी आणि कॉट भाड्याची असेल तर त्याच आठवड्यात परत पाठवा. आणि दिवस झाले की करणाऱ्या माणसाला एकदा डॉक्टरकडे न्या, कंबर, बीपी, शुगर, झोप, सगळं तपासून घ्या.